मावशी, मी दर शुक्रवारी खोटं लिहिते

प्रिय मावशी,

मी लातूरकडची. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर ब्रँच. आमच्या कॉलेजात आठवं सेमिस्टर बाहेर, कंपनीत इंटर्नशिप करून पूर्ण करायचं असतं. जानेवारीपासून मी नवी मुंबईत महाप्याच्या एका कंपनीत जाते आणि वर्गातल्याच दोन मैत्रिणींबरोबर घणसोलीत राहते. दोन महिने होत आले. मला काम असं कुणी दिलेलंच नाही. ग्राहकांच्या तक्रारी एका ठिकाणाहून उचलून एक्सेलमध्ये टाकायच्या, एवढंच. मेंटर सर कायम मीटिंगमध्ये. माझ्या गळ्यातल्या कार्डावर अजून ‘व्हिजिटर’च लिहिलेलं आहे. दर शुक्रवारी कॉलेजची इंटर्नशिप डायरी भरायची असते, त्यात मी नेटवर बघून काहीबाही लिहिते. ‘एपीआय इंटिग्रेशन केलं’, ‘मॉड्यूल टेस्ट केलं’. सर न वाचता सही करतात. मे महिन्यात व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा आहे, नुसत्या विचारानं पोटात गोळा येतो. एक सीनियर रात्री अकरा-साडेअकराला मेसेज करतात, कामाचं काही नसतं, पण ते जाऊ दे. मैत्रिणींना पंधरा-पंधरा हजार स्टायपेंड आहे, मला पाच. शनिवार-रविवारी त्या फिरायला जातात, मी पोट दुखतंय म्हणून सांगते. बाबांचं किराणा दुकान आहे. रोज रात्री नऊला त्यांचा फोन येतो, मी म्हणते, मस्त चाललंय. ते गिऱ्हाइकांना सांगतात, पोरगी मुंबईला कंपनीत आहे. मावशी, हे शहर कुणाचंच नाही. मला परत जायचंय. जाऊ का?

— घणसोलीतली एक

अगं पोरी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. जाऊ का, हे तू शेवटच्या ओळीत विचारलंस, त्यामुळे उत्तरही शेवटी देते. आधी डायरीचं बोलू, कारण मला वाटतं तुझा जीव एकटेपणापेक्षा तिथेच जास्त अडकलाय.

तू सध्या दोन डायऱ्या भरतेस. एक शुक्रवारी कॉलेजसाठी, दुसरी रोज रात्री नऊला फोनवर, बाबांसाठी. दोन्हींत जी मुलगी आहे ती तू नाहीस. ती एपीआय का काय ते जोडते, मस्त राहते. आणि खरी तू, जी सकाळी उठून डबा भरते, व्हिजिटरचं कार्ड गळ्यात घालून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसते, तिची नोंद कुठेच नाही. दोन महिने आपला दिवस कसा गेला हे एकाही माणसाला खरं सांगितलं नाही, तर भरल्या घरातसुद्धा माणूस परका होतो. तू तर परगावी आहेस.

हे मी ऐकीव सांगत नाही. १९८३ साली मी कराडहून ठाण्याला आले, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत शिकाऊ म्हणून. आता तू ज्या गाडीनं ये-जा करतेस ती ठाणे-वाशी रेल्वे आली २००४ मध्ये. तेव्हा कळव्यावरून बसनं जायचं, आणि रबाळ्याच्या पुढे केमिकलचा वास नाकात बसला की तो रात्री उशीवरही यायचा. मला तिथे चार महिने काचेची भांडी धुवायला लावली. बाकी काही नाही. दर रविवारी मी घरी आंतर्देशीय पत्र लिहायची: ‘येथे सर्व ठीक आहे, काम शिकते आहे, काळजी नसावी.’ आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत ती पत्रं सापडली, सुतळीनं बांधलेली. सोळा पत्रं, आणि सोळाच्या सोळा पत्रांत तेच वाक्य. माझ्या मावशीला दाखवली तर ती म्हणाली, “तुझ्या आईला कळत होतं गं. ती म्हणायची, ठीक असलेलं माणूस भाजी महाग झाल्याचं लिहितं, पाऊस पडल्याचं लिहितं. नुसतं ठीक आहे असं कोण लिहितं?” चार महिने मी तिकडे रडत होते, ती इकडे. मधे पस्तीस पैशांचं ते निळं पत्र, दोघींनाही एकमेकींपासून लपवणारं.

तुझे बाबा दुकानदार आहेत. समोर उभ्या गिऱ्हाइकाचा चेहरा बघून उधारी द्यायची की नाही हे ज्यांना कळतं, त्यांना रोजचं ‘मस्त’ ऐकून काहीच कळत नसेल असं मला वाटत नाही.

आता कामाचं. एक्सेलमध्ये तक्रारी उतरवणं म्हणजे काहीच नाही, असं तू धरून चाललीस. मी कॉम्प्युटरमधली नाही, पण माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचं काम मी बावीस वर्षं करते आहे, आणि तक्रारी वाचणं ही किती मोठी शाळा असते ते मला ठाऊक आहे. दोन महिन्यांत तुझ्या डोळ्यांखालून शेकडो तक्रारी गेल्या असतील. कोणती तक्रार पुन्हा पुन्हा येते? कोणती सोमवारीच जास्त येते? एकच माणूस तीनदा का लिहितो? त्या कंपनीचं सॉफ्टवेअर कुठे दुखतंय, हे आज त्या मजल्यावर कदाचित तुझ्याइतकं कुणाला माहीत नसेल. या शुक्रवारी डायरीत खरं लिही. ‘या आठवड्यात अमुक इतक्या तक्रारी नोंदवल्या. त्यांतल्या निम्म्या पासवर्डच्या. बिलाचं पान मोबाईलवर उघडत नाही, ही तक्रार सात वेळा आली. कारण शोधण्याची परवानगी मागितली.’ बघ, हे वाक्य व्हायवात कुणी खोदलं तरी तुला घाम फुटणार नाही. उलट खोदलं तर बरंच, तुला सांगायला अजून आहे.

आणि परवानगी खरोखर माग, तोंडी नको. सरांना कॅबिनबाहेर गाठून ‘सर, काही काम असेल तर द्या’ असं म्हणू नकोस. एवढं मोघम मागितलं की मोघमच मिळतं. सोमवारी सकाळी चार ओळींची मेल कर. मी या तक्रारी बघते, त्यांत मला हे दिसलं, यातला हा एक भाग मला तपासायचा आहे, त्यासाठी अमुक सिस्टीम बघण्यापुरता अॅक्सेस आणि आठवड्यातून पंधरा मिनिटं हवीत. एवढंच. त्याच मेलमध्ये कार्डाचंही लिही. किंवा तेवढ्यासाठी एचआरकडे जा, जसं सोयीचं. कार्ड क्षुल्लक वाटेल, पण रोज सकाळी गेटवर पाहुणी म्हणून सही करून आत जायचं आणि मग दिवसभर इथलीच असल्यासारखं वागायचं, हे कुणालाही जड जाईल.

मागच्या आठ शुक्रवारांचं काय? ती पानं फाडू नकोस. कॉलेजात इंटर्नशिपचे कोऑर्डिनेटर सर किंवा मॅडम असतील, त्यांना फोन कर आणि जसं घडलं तसं सांग: काम मिळालं नाही, घाबरून मी वाढवून लिहिलं, आता दुरुस्त करायचंय. ओरडा बसेल. बसू दे. मार्चमध्ये स्वतःहून सांगितलेली चूक आणि मे महिन्यात टेबलापलीकडून पकडलेली चूक, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिवाय पोरीला काम मिळतंय की नाही हे बघणं ही कॉलेजचीही जबाबदारी आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर इंटर्नशिपचे क्रेडिट बऱ्याच ठिकाणी वाढले, कॉलेजांनी करारही केले, पण पोरं तिथे बसून काय करतात हे विचारायला फोन किती जण करतात? तू कळवलंस तर तुझ्या मागच्या बॅचच्या मुलीही वाचतील.

आता जे तू ‘जाऊ दे’ म्हणून मधेच टाकलंस, त्यावर येते. मी ते जाऊ देणार नाही.

रात्री साडेअकराला कामाशिवाय येणारे मेसेज. त्यांत काय असतं ते तू लिहिलं नाहीस, त्यामुळे मी त्या माणसावर आरोप करत नाही. पण तू पत्रात लिहिलंस, म्हणजे ते तुला टोचतंय. एक मेसेज तुझ्याकडून जाऊ दे, दिवसाउजेडी: ‘सर, कामाचं असेल तर ऑफिसच्या वेळेत ऑफिसच्या मेलवर कळवा.’ पुढे माफी नको, हसरा चेहराही नको. त्यानंतरही थांबले नाहीत, तर तुझ्यासाठी कायदा आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा पगारी नोकरांपुरता नाही. शिकाऊ, प्रशिक्षणार्थी, बिनपगारी, सगळे त्यात येतात. दहा किंवा जास्त माणसं जिथे काम करतात तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे, आणि लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते. म्हणून मेसेज पुसू नकोस. स्क्रीनशॉट काढ, तारीख-वेळ वहीत लिही. ही तिसरी डायरी, आणि ही तू आजपासूनच सुरू कर. आणि हे आज रात्री मैत्रिणींना सांग. एकाच खोलीत तिघी झोपता आणि यातलं काही त्यांना माहीत नाही, हे मला बरं वाटत नाही.

मैत्रिणींचं तसं सोपं आहे. ‘पैसे नाहीत गं’ हे तीन शब्द आहेत, पोटदुखीपेक्षा कमी त्रासाचे. त्या तुला टाळत नाहीयेत, तू आजारी आहेस असं समजतायत. या रविवारी बेत तू ठरव. मॉलला नको. नोव्हेंबर ते मे आपल्या खाडीत फ्लेमिंगो असतात, तुम्ही अगदी मोसमात आला आहात. नेरूळ-सीवूड्सच्या मागच्या पाणथळीत पहाटे गेलात तर पाणी गुलाबी दिसतं, आणि त्याला तिकीट नाही. फक्त भरती कधी आहे ते आदल्या दिवशी बघून ठेवा. खाडीत भरती असते तेव्हा ते अशा पाणथळींवर येऊन बसतात, ओहोटीला चिखलात चरायला जातात. गाडीभाडं आणि येताना वडापाव, एवढा खर्च. दुसऱ्या रविवारी ठाण्याला तलावपाळीवर जा, संध्याकाळी. पुस्तकं वाचत असशील तर ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, तिथे कुणी तुझं कार्ड बघून पाहुणी म्हणणार नाही.

आणि हो, हे शहर कुणाचंच नाही असं तू लिहिलंस, ते मला लागलं. तू घणसोलीत राहतेस. घणसोली, रबाळे, तळवली, ऐरोली ही आगरी-कोळ्यांची गावं. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० मध्ये स्थापन झाली, या लोकांची भातशेती आणि मिठागरं गेली आणि त्यांवर तुझं स्टेशन, तुझा रस्ता उभा राहिला. मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये उरणजवळच्या जासईला शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले. मी तेव्हा इथेच होते. कारखान्यातली उरणकडची माणसं दोन दिवस कामावर आली नाहीत, आणि आली तेव्हा कुणी कुणाशी बोलत नव्हतं. त्या लढ्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळाली. गावठाणाच्या कडेच्या ज्या इमारतींत तुम्ही मुली भाड्यानं राहता, त्यांतल्या किती तरी त्या साडेबारा टक्क्यांवर उभ्या आहेत. तुझी घरमालकीण त्यांतली असेल तर भाडं द्यायला जाशील तेव्हा दारातून परत फिरू नकोस. दहा मिनिटं बस. त्यांना विचार, इथे आधी काय होतं. त्या जेवायला थांबवून घेतील बघ.

रात्री अगदीच झोप लागेनाशी झाली, छातीत धडधडायला लागलं, तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा नंबर फोनमध्ये ठेव. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास असतो आणि मराठीत बोलता येतं.

आता तुझा प्रश्न. आज नको जाऊस. सोमवारी मेल कर, कॉलेजला फोन कर आणि तीन आठवडे थांब. तेवढ्यात काम मिळालं तर मे येईपर्यंत दिवस पुरायचे नाहीत. नाहीच मिळालं, तर कोऑर्डिनेटरना विचार, उरलेलं सेमिस्टर कॉलेजातच प्रोजेक्ट करून पूर्ण करता येईल का, आणि होय म्हणाले तर खुशाल परत जा. त्यात हरणं काही नाही. पण त्या माणसाचे मेसेज वाढले किंवा तुला तिथे भीती वाटायला लागली, तर तीन आठवडे वगैरे काही नाही. त्याच दिवशी कॉलेजला सांग आणि बाहेर पड.

आणि आज रात्री नऊला फोन येईल तेव्हा ‘मस्त’ म्हणू नकोस. सगळं एकदम सांगायला जमणार नाही, ठाऊक आहे. भाजीपासून सुरुवात कर. म्हण, बाबा, इथल्या डब्यात रोज बटाटाच असतो आणि ऑफिसात मला अजून नीट काम दिलेलं नाही. मग गप्प बस, त्यांना बोलू दे. शक्य झालं तर म्हण, एकदा येऊन जा. लातूर एक्सप्रेस सकाळी ठाण्याला थांबते. तू नऊ-दहा नंबरच्या फलाटावर उभी राहा, तिथूनच घणसोलीची गाडी सुटते. बाबांना खिडकीजवळ बसव आणि ऐरोली गेल्यावर बोट दाखवून सांग, ही खाडी, हा पारसिकचा डोंगर, आणि पुढे ते माझं ऑफिस.

तुझी,
मावशी