केप नको, चौकट बघा

झोरो, हॅन्कॉक आणि 'मेन इन ब्लॅक' हे कॉमिक्सच्या नायकांच्या चित्रपटांच्या तुमच्या यादीत धरायचे का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते पहिले दोन वगळा, तिसरा बेलाशक घ्या.

आपण वेशभूषेवर जातो, तिथेच घोळ होतो. 'हॅन्कॉक' (२००८) उडतो, गाड्या उचलतो, पण तो थेट पडद्यासाठीच लिहिलेला. उलट 'रोड टू पर्डिशन'मध्ये (२००२) टॉम हँक्स ओव्हरकोट घातलेला मारेकरी आहे, आणि ती गोष्ट मुळात १९९८ची ग्राफिक कादंबरी आहे! 'मेन इन ब्लॅक'सुद्धा आधी कॉमिक्सच होतं, पण फार थोड्यांनी वाचलेलं.

झोरोबद्दल मोह होतो, मान्य. मुखवटा, काळी केप, दिवसा नेभळट दिसणारा श्रीमंत तरुण. पण तो १९१९ साली मासिकातल्या कथेत जन्मला आणि पुढच्याच वर्षी डग्लस फेअरबँक्सने तो पडद्यावर आणला. बॅटमॅन आला १९३९ला. म्हणजे इथे कॉमिक्सनेच झोरोकडून घेतलंय.

अर्थात नुसता जन्मदाखला बघूनही भागत नाही. हार्ली क्विन १९९२च्या बॅटमॅनच्या अ‍ॅनिमेशन मालिकेत पहिल्यांदा दिसली आणि १९९३मध्ये कॉमिक्समध्ये आली. २०१६मध्ये ती चित्रपटात आली, तोवर दोन दशकं तिची गोष्ट कॉमिक्सच्या पानांवर वाढत होती. तिला बाहेर ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. म्हणून मी दोन गोष्टी बघतो: पात्र कुठे जन्मलं, आणि चित्रपटाने त्याचं कुठलं रूप उचललं.

वर्तमानपत्रातली चित्रपट्टी (कॉमिक स्ट्रिप) म्हणजे कॉमिक बुक नव्हे, असं काही जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. चौकटी, फुगे, रोज पुढे सरकणारी गोष्ट, आणखी काय हवं? आपला वेताळ, म्हणजे ली फॉकचा फँटम, १९३६ साली अशा पट्टीतच अवतरला. त्याची इंद्रजाल कॉमिक्सची पुस्तकं तर नंतरची, १९६४पासूनची. १९९६चा त्याचा चित्रपट त्या पुस्तकांवर बेतलेला नसला, तरी यादीत त्याची जागा पक्की आहे.

आणि तुमच्या यादीत चिंटू कसा नाही? १९९१ साली 'सकाळ'मध्ये सुरू झालेली चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची चित्रमालिका, तिच्यावर २०१२चा चित्रपट आणि २०१३चा 'चिंटू २'. त्याला कुठलीच शक्ती नाही, फक्त पप्पू, मिनी, बगळ्या अशी गँग आहे. दोन्ही चित्रपट घाला.