बॉयलरवर उभं राहायला डिप्लोमा केला का?

ताई, पत्र मिळालं. मुलाने मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोट्याच्या एका केमिकल कंपनीत युटिलिटीला, म्हणजे कारखान्याला वाफ-पाणी-हवा पुरवणाऱ्या विभागात, कंत्राटी ऑपरेटर म्हणून बोलावणं आलंय. तुम्हाला ते कमीपणाचं वाटतं. थेट सुपरवायझरची जागा इथे मिळेल का, नाहीतर मामाकडे मुंबईला धाडू, असं विचारता.

थेट सुपरवायझर कोणी करत नाही. जुलैत रात्री अडीचला स्टीमचं प्रेशर पडतं, रिॲक्टरवाले फोनवर ओरडत असतात. बॉयलरला पाणी देणारा फीड पंप दगा देतोय की जळणाचे ब्रिकेट ओल धरून बसलेत, हे ज्याला आवाजावरून आणि धुरावरून कळतं, त्याच्याकडेच पुढे शिफ्ट सोपवतात.

आणि युटिलिटी हलकी समजू नका. प्रोसेसवाला एका प्रॉडक्टमध्ये मुरतो. बॉयलर, कूलिंग टॉवर, कॉम्प्रेसर, ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) मात्र लोट्याला तसे महाडला, रोह्याजवळच्या धाटावलाही तेच. जयगडचं १२०० मेगावॉटचं वीज केंद्र, रनपारचा पीव्हीसी कारखाना, डोलवीचं स्टील, तिथेही वाफ-पाणी सांभाळणारी माणसं लागतातच. जैतापूरचा अणुवीज प्रकल्प आणि बारसूची रिफायनरी हिशेबात धरू नका. तिथे आज प्लांट उभा नाही. मामांची मुंबई म्हणजे या कामात बहुतेक तळोजा नाहीतर पाताळगंगा. म्हणजे रायगडच, वर खोलीचं भाडं!

मुलाने डोळा ठेवावा तो बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरच्या परीक्षेवर. बॉयलर प्रमाणपत्रधारकाच्याच ताब्यात हवा, ही अट १९२३ च्या कायद्यात होती, २०२५ च्या नव्या कायद्यातही आहे. म्हणून त्या कागदाला किंमत. पण परीक्षेला बसायला बॉयलरवरचा अनुभव दाखवावा लागतो, आणि कंत्राटी पोरं अडकतात ती इथेच. माझ्याकडे एक जण आला होता. कित्येक वर्षं बॉयलरवर काढलेली, पण हातात पत्र ठेकेदाराचं आणि त्यावर हुद्दा ‘हेल्पर’. काय करणार?

रात्रपाळी आहे, ईटीपीचा वास अंगाला लागतो. गणपतीत सगळ्यांना सुट्टी हवी असते, बॉयलरला नको असते. हे त्याला आधीच सांगा.

रुजू होण्याआधी त्याने एवढं विचारून घ्यावं: पीएफ पहिल्या महिन्यापासून कापणार का, अनुभवाचं पत्र कंपनीच्या लेटरहेडवर बॉयलरच्या नोंदणी क्रमांकासह मिळेल का, आणि लॉगशीटवर, म्हणजे पाळीच्या नोंदींच्या कागदावर, सही त्याची असेल की दुसऱ्याची. सही दुसऱ्याचीच राहणार असेल, तर मग खुशाल तळोजा बघा.