डोक्यात गेलं म्हणजे संपलं का?

प्रश्न: माझा दीर 27 वर्षांचा आहे, आम्ही ऐरोलीला राहतो. तीन वर्षांपूर्वी त्याच्या मांडीतली गाठ काढली, रिपोर्टमध्ये अल्व्हिओलर सॉफ्ट पार्ट सार्कोमा लिहिलेलं, पण दुखत नव्हतं म्हणून नंतर कोणी दाखवायलाच गेलं नाही. गेल्या महिन्यात ऑफिसमध्ये फिट आली, एमआरआयमध्ये डोक्यात तीन गाठी निघाल्या, मोठी दोन सेंटीमीटरची. एका हॉस्पिटलमध्ये म्हणाले पूर्ण डोक्याला शेक (रेडिएशन) द्या. सासूबाईंना नातेवाईक सांगतायत, डोक्यात गेलं म्हणजे संपलं, उगाच हाल करू नका. शेजारचे म्हणतात खारघरला प्रोटॉन मशीन आहे तिकडे न्या. त्याला आम्ही फक्त सूज आहे असं सांगितलंय. काय करू?

उत्तर: ताई, आजार गंभीर आहे, चौथ्या स्टेजचा आहे, पूर्ण बरा होईल असं मी म्हणणार नाही. पण संपलं हेही खरं नाही. हा सार्कोमा, म्हणजे स्नायू-चरबीसारख्या मऊ भागांतला कॅन्सर, फार कमी लोकांना होतो, बहुतेक तरुणांनाच, आणि इतर सार्कोमांपेक्षा डोक्यात जास्त जातो, पण वाढतो सहसा हळू, त्यामुळे पसरल्यावरही वर्षानुवर्षं जगलेले पेशंट आहेत. डोक्यात बसल्यात त्या मांडीतल्याच पेशी, म्हणून उपचार मूळ आजार बघूनच ठरवायचा.

तीनच गाठी आणि त्याही लहान, तर पूर्ण डोक्याला शेक घेण्याआधी रेडिओसर्जरीचं विचाराच. नाव सर्जरी असलं तरी कापाकापी नसते, गाठीवर नेमका मोठा डोस एक ते पाच वेळात देतात आणि बाकीचा मेंदू बराचसा वाचतो. पूर्ण डोक्याच्या शेकाने पुढे विसराळूपणा येऊ शकतो, गाठी खूप असतील तेव्हा तो लागतो, पण या मुलाला अजून नोकरी करायचीय. प्रोटॉन हाही शेकाचाच एक प्रकार, टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या खारघरच्या ॲक्ट्रेक केंद्रात 2023 पासून आहे, पण अशा लहान गाठींना त्याची सहसा गरज नसते. टाटाला जरूर न्या, ते मशीनसाठी नाही, सार्कोमा रोज बघणारे सर्जन, शेकवाले आणि औषधवाले डॉक्टर एकत्र बसून ठरवतात म्हणून. छातीचा सीटीही लागेल, हा आजार फुप्फुसात गेलाय का ते हमखास बघावं लागतं.

नेहमीची केमो याला जवळजवळ लागूच पडत नाही, त्यात महिने घालवू नका. पाझोपॅनिब, सुनिटिनिबसारख्या गोळ्या वापरतात, आणि ॲटेझोलिझुमॅब या इम्युनोथेरपीला (शरीराची प्रतिकारशक्तीच कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) अमेरिकेत डिसेंबर 2022 मध्ये याच आजारासाठी मंजुरी मिळाली. सगळ्यांना लागू पडत नाही आणि महाग आहे, म्हणून पहिल्याच दिवशी तिथल्या मेडिकल सोशल वर्करला भेटा.

जाताना जुन्या ऑपरेशनचा ब्लॉक न्या, नुसता रिपोर्ट नको. प्लास्टिकच्या छोट्या चौकोनी डबीत मेणात बसवलेला गाठीचा तुकडा असतो, जिथे तपासला त्या लॅबकडे लेखी मागा, देतात. इतक्या दुर्मिळ आजारात निदान पुन्हा बघून घेतात, हाच सार्कोमा आहे ना हे पक्कं करणारी टीएफई3 ची तपासणी त्यावरच होते. आणि तो उन्हात गाडीत ठेवू नका हां, मेण वितळतं.

मेंदूची सूज कमी करायला स्टेरॉइड चालू असेल तर बरं वाटलं म्हणून एकदम बंद करू नका, कमी करत आणायचं असतं. त्याने शुगर वाढू शकते, तपासत राहा. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा नाही, कांदा-चप्पल हुंगवणं नाही, वेळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेली तर सरळ हॉस्पिटल.

आणि त्याला सांगा ताई. घरातले दबक्या आवाजात बोलतात ते त्याला कळत नसेल असं नका समजू. सही त्याची लागणार, निर्णयही त्याचाच. डॉक्टरांना म्हणा तुम्ही सांगा, आम्ही शेजारी बसतो. बाईकची चावी मात्र आजच काढून घ्या, आणि का काढून घेतली तेही त्याच वेळी सांगा.