वाचकांचे प्रश्न: गेममधली लाँगसोर्ड आणि खरी लाँगसोर्ड

प्रश्न: आम्ही पाच जण डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून पात्रं रंगवायचा गेम खेळतो, पाचवी आवृत्ती. माझा फायटर (लढवय्या पात्र) एका हातात लाँगसोर्ड आणि दुसऱ्या हातात ढाल घेऊन लढतो. ग्रुपमधला एक मित्र म्हणतो की खरी लाँगसोर्ड दोन हातांचीच असते त्यामुळे माझं कॅरेक्टरच चुकीचं आहे. ग्रेटसोर्ड (मोठी दुहाती तलवार) सात किलोची असायची आणि रेपियर (टोचायची लांब, बारीक तलवार) हलकी म्हणून डेक्स्टेरिटीवर, म्हणजे ताकदीऐवजी चपळाईवर, चालते, हेही त्याचंच म्हणणं. यातलं खरं किती?

उत्तर: मित्र पहिल्या मुद्द्यावर बरोबर आहे, दुसऱ्यावर साफ चूक, आणि तिसऱ्यावर त्याला गेमनेच फसवलंय.

लाँगसोर्डचं बघा. अभ्यासक ज्याला लाँगसोर्ड म्हणतात ती साधारण 14व्या ते 16व्या शतकातली, लांब मुठीची, दोन्ही हातांनी धरायची तलवार. वजन दीड किलोच्या आसपास. ढालीबरोबर एका हातात जी असायची तिला आज आर्मिंग सोर्ड म्हणतात, किलो-सव्वा किलोची, मूठ जेमतेम एका हाताला पुरेल एवढी. तुमचा फायटर धरतो ती खरं तर हीच. जुन्या आवृत्त्यांमधे लाँगसोर्ड हे नाव या एकहाती तलवारीला चिकटवलं आणि खऱ्या लाँगसोर्डच्या जवळची जी होती तिला बास्टर्ड सोर्ड म्हटलं, 3.5 या आवृत्तीत तर ती एका हाताने चालवायला वेगळा फीट (खास कौशल्य) घ्यावा लागायचा. पाचव्या आवृत्तीने बास्टर्ड सोर्ड काढूनच टाकली आणि लाँगसोर्डला व्हर्सटाइल (एका किंवा दोन्ही हातांनी चालणारी) केलं, डॅमेजसाठी एका हाताने डी8 म्हणजे आठ बाजूंचा फासा, दोन्हींनी डी10. म्हणजे नाव तेच राहिलं, आतली तलवार बदलली. मित्राला सांगा, ढाल हातात असली की ती आर्मिंग सोर्ड समज, ढाल टाकली की लाँगसोर्ड, भांडण मिटलं.

आता सात किलो. हा आकडा त्याने हवेतून आणलेला नाही, डी अँड डीच्या दुसऱ्या आवृत्तीत टू-हँडेड सोर्ड 15 पौंडांची होती, म्हणजे जवळजवळ सात किलोच. प्रत्यक्षात लढाईच्या मोठ्या दुहाती तलवारी साधारण दोन ते साडेतीन किलोच्या. त्याहून जड मिळतात त्या बहुतेक मिरवणुकीत खांद्यावर घेऊन चालायच्या, लढायच्या नाहीत. मजा म्हणजे पाचव्या आवृत्तीत ग्रेटसोर्ड 6 पौंड आहे, म्हणजे पावणेतीन किलो, आणि लाँगसोर्ड 3 पौंड, दोन्ही आकडे चक्क बरोबर. (शोभेच्या तलवारी हातात जड लागतात कारण त्यांचं पातं मुठीपासून टोकापर्यंत एकाच जाडीचं असतं. खरं पातं टोकाकडे पातळ होत जातं, तोल मुठीजवळ राहतो आणि म्हणून ती झटकन वळते.)

रेपियरवर मात्र मला जरा रागच येतो. गेममधे ती 2 पौंडांची. खऱ्या रेपियरचं पातं मीटरभर किंवा त्याहूनही लांब, वजन सहज किलोच्या वर, म्हणजे आर्मिंग सोर्डएवढंच, आणि एवढी लांब तलवार हात पुढे ताणून धरून ठेवायची म्हणजे मनगट आणि खांद्याची परीक्षाच. उलट लाँगसोर्डला दोन हात असतात, एक ढकलतो, एक ओढतो, तिथे ताकदीपेक्षा टायमिंग जास्त लागतं. म्हणजे स्ट्रेंग्थ (ताकद) आणि डेक्स्टेरिटी जवळजवळ उलटी वाटली गेलीय. धनुष्याचंही तेच, मेरी रोज हे इंग्लिश जहाज 1545 मधे बुडालं त्यावर सापडलेली युद्धाची धनुष्यं ओढायला 100 पौंडांच्या वर जोर लागायचा असा अंदाज आहे आणि गेममधे काडीपैलवान एल्फ तसलं धनुष्य डेक्स्टेरिटीवर ओढतो!

सिमिटर तर गंमतच आहे. 3 पौंड, म्हणजे रेपियरपेक्षा जड, तरी गेमच्या हिशेबात ‘लाइट’ म्हणजे हलकी ती सिमिटरच, रेपियर नाही. मुळात सिमिटर ही एक तलवारच नव्हे, इराणी शमशीर, तुर्की किलिज अशा सगळ्या वाकड्या तलवारींना युरोपात सरसकट दिलेलं नाव. आणि 3.5 मधली फाल्शन (रुंद पात्याची तलवार) दुहाती, खरी फाल्शन एका हाताची. डरहॅम कॅथीड्रलची 13व्या शतकातली कॉन्यर्स फाल्शन जेमतेम 1.3 किलोची आहे.

पण ही सगळी नावांची आणि वजनांची भानगड मी सोडून देईन. मला जास्त खटकतं ते हे की समोरच्याने काय घातलंय याने गेममधे तलवार आणि इतर शस्त्रांत काही फरक पडत नाही. पोलादी पत्र्याच्या चिलखतावर धारेचा वार जवळजवळ फुकट जातो. पहिल्या अ‍ॅडव्हान्स्ड आवृत्तीत कुठलं शस्त्र कुठल्या आर्मर क्लासवर (चिलखताच्या बचावाच्या आकड्यावर) किती चालतं याचा मोठा तक्ता होता, बऱ्याच ग्रुपनी तो बाजूलाच ठेवला, आणि खरं सांगायचं तर दर फटक्याला तक्ता बघत बसलो तर गेम पुढेच सरकणार नाही.

त्यापेक्षा एक साधा हाउस रूल (आपल्या ग्रुपपुरता नियम) करा. 15व्या शतकातल्या जर्मन तलवारबाजीच्या सचित्र हस्तलिखितांत चिलखतवाल्याशी लढताना माणसं पातंच दोन्ही हातांनी धरतात, तलवार उलटी करतात आणि मूठ हातोड्यासारखी डोक्यात घालतात. याला मोर्डहाउ म्हणतात. तर ढाल नसेल तेव्हा तुमच्या फायटरला लाँगसोर्ड उलटी धरून डी8 ब्लजनिंग (ठेचणारं) डॅमेज करू द्या. समोर सांगाडे आले की मित्रच तुमच्याकडे तलवार उसनी मागेल, कारण त्याच्या रेपियरला फक्त पिअर्सिंग (टोचणं) जमतं आणि सांगाड्यांना ठेचलं की दुप्पट डॅमेज होतं.