भिंतीच्या भेगेसाठी कोर्टात जाताय?

भाऊ, शेजाऱ्याच्या पायाखोदाईनं भिंतीला भेग गेली म्हणून लगेच प्लास्टर मारू नका. माझी तीच चूक झाली होती, पुरावाच बुजला! भेगेला फूटपट्टी लावून फोटो काढा. तो मोबाइलही जपा. फोटोसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र लागतं. दुरुस्तीचा खर्च इंजिनिअरकडून लेखी घ्या, मिस्त्रीचा तोंडी आकडा टिकत नाही. मग वकिलाची नोटीस. दिवाणी कोर्टात दावा टाकण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाखलपूर्व अर्ज देऊन बघा. त्यावर लोकअदालतीत तडजोड झाली तर तो निवाडा डिक्रीसारखाच, म्हणजे कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच, वर अपील नाही. अर्थात, शेजारी यायला हवा. तो ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणत राहील; दाव्याची साधारण ३ वर्षांची मुदत काही थांबत नाही.