रविवारची गोळी, सोमवारची मळमळ

प्रश्न : सोरायसिससाठी दर रविवारी सकाळी मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम घेते. सोमवारभर मळमळतं, आता तोंडही आलंय. गोळी बंद करू का?

उत्तर : मळमळीसाठी बंद करायची गरज सहसा पडत नाही. गोळी रविवारीच, पण रात्री जेवणानंतर घ्या. बराचसा त्रास झोपेत निघून जातो. हा त्रास कमी करणारं फॉलिक ॲसिड (एक जीवनसत्त्व) लिहून दिलंय का, तेही पाहा. ते बहुधा मेथोट्रेक्सेटचा दिवस सोडून इतर दिवशी देतात. तरीही मळमळलं, तर गोळीऐवजी मेथोट्रेक्सेटच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.

तोंड येणं मात्र वेगळं. रक्तपेशी घटल्याचं ते लक्षण असू शकतं. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढचा डोस घेऊ नका; सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लिव्हर आणि किडनीच्या तपासण्या लगेच करा. ताप किंवा धाप असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि पाकिटावर ठळक ‘फक्त रविवार’ लिहा. ही गोळी चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतते.