आठवणीचा पुढचा भाग

तुम्ही विचारलंय, "माझं आयुष्य अगदी साधं, लेखक व्हायचं नाही, कुणी वाचणारही नाही. मग स्वतःबद्दल लिहून फायदा काय?" मी अकरा वर्षं लिहितेय. त्यातलं काही छापलेलं नाही, छापायचंही नाही. तरीही सांगते, लिहाच.

बाबा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्यावर चिडले होते. त्यांनी श्रवणयंत्र काढून ठेवलं होतं, मी तेच तेच ओरडून सांगत होते आणि शेवटी "मग बसा तसेच" असं बोलून गेले. पुढे कित्येक वर्षं ती संध्याकाळ म्हणजे माझ्यासाठी ते एकच वाक्य होतं. लिहायला घेतलं तेव्हा दोनदा त्याच वाक्यापाशी अडकले. डोक्यात एखादं वाक्य कितीही वेळा फिरू शकतं, पण कागदावर एकदा लिहून झालं की त्याच्या पुढची ओळ लागते. तिसऱ्या खेपेला ती सापडली: ते पलंगावर भिंतीकडे सरकले आणि मला बसायला जागा केली. मी बसले. बराच वेळ आम्ही दोघं नुसते बसून होतो. हे मी विसरले होते असं नाही, पण त्या वाक्याला ते कधी जोडलंच गेलं नव्हतं.

माझ्या मते खरा फायदा हाच. "मन मोकळं होतं" हे अर्धंच खरं आहे. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांचा 1986 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग यासाठी माहीत असावा. विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं लिहायला सांगितलं होतं. ज्यांनी मनाला लागलेल्या प्रसंगाची हकिगत आणि त्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रातल्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत इतरांपेक्षा कमी होत्या. पण लिहून उठल्यावर लगेच त्यांना बरं नव्हे, जास्त वाईट वाटत होतं! पुढे असं लिखाण तपासताना दिसलं की ज्यांच्या मजकुरात दिवसागणिक "कारण", "लक्षात आलं" अशा अर्थाचे शब्द वाढत गेले, त्यांना जास्त उपयोग झाला. म्हणजे नुसतं रडगाणं पुरत नाही, गोष्ट जुळावी लागते. परिणाम फार मोठा असतो असंही समजू नका. 2006 साली 146 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात सरासरी फायदा लहानच निघाला. लहान, पण आहे.

आणि हो, जखम अगदी ताजी असेल किंवा लिहिताना जीव घाबरा व्हायला लागला तर वही मिटा, विषय बदला. तो प्रसंग पुढच्या वर्षी लिहिता येईल. गरज वाटली तर समुपदेशकाशी बोला, वही त्यांची जागा घेऊ शकत नाही.

"साधं आयुष्य" म्हणता, त्याबद्दलही बोलते. उतारवयात माणसांना साधारण दहा ते तीस या वयातलं सगळ्यात जास्त आठवतं. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. मोठे प्रसंग शोधू नका, ते आपण इतक्यांदा सांगितलेले असतात की त्यांचं भाषण झालेलं असतं. ज्याबद्दल आजवर कुणाशी बोलला नाहीत असं काहीतरी घ्या. भाषेची काळजी नको, शुद्धलेखनाची तर मुळीच नको. तारीख मात्र घाला. आठवण दर वेळी थोडी बदलते. दोन वर्षांनी तोच प्रसंग पुन्हा लिहिलात की दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचता येतील. माझ्या पहिल्या पानावर बाबा कुठे नव्हतेच, होता फक्त माझा अपराधीपणा.

पहिली ओळ सुचत नसेल तर लहानपणी जिथे झोपायचात ती खोली आठवा, आणि तिचं दार आत उघडायचं की बाहेर, एवढं लिहा.